कळसाला न लागलेली फुलं

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं लिंबाखाली उभे आहात त्यांनाही म्हणतोय, या, सतरंजी रिकामी आहे. माझा आवाज आज लांबवर पोचेल असं मला वाटत नाही. आणि जे बोलायचं आहे, ते सगळ्यांपर्यंत पोचायला हवं आहे.

मी यशवंत. चिंचवडचा. पलीकडच्या माळावर आमच्या फ्लाइंग क्लबची धावपट्टी आहे. तिथं मी वसंतरावांच्या हाताखाली विमान चालवायला शिकलो, आणि पुढं त्यांच्याच बरोबरीनं शिकवायला लागलो. गावातले तुम्ही सगळे मला ओळखता. तरी नाव सांगितलं, कारण पुण्याहून क्लबाची काही मंडळी आली आहेत. आणि खरं सांगू का, सुरुवात कुठून करावी तेच कळत नव्हतं. नाव सांगताना तेवढाच जिवाला धीर मिळाला.

आत्ता तात्या पाटील अध्यक्ष म्हणून बोलले, ते तुम्ही ऐकलंत. तात्या म्हणाले, वसंताची आठवण म्हणून पुढच्या चैत्रात भैरोबाच्या जत्रेला यशवंतानं विमानातून फुलं टाकावीत. वसंता टाकायचा तशीच. देवळाच्या कळसावर. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्यात. बायकांनी डोळ्याला पदर लावले. तात्या, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. मी उत्तर देणार आहे. पण शेवटी देईन. आधी मला वसंतरावांबद्दल बोलू द्या.

आणि अक्का, तुमच्याही एका प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे.

पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो, या समोर खांबाला टेकून बसल्यात त्या वसंतरावांच्या आई. वसंतराव गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो होतो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “यशवंता, कुनी म्हंतं इंजिन बंद पडलं. कुनी म्हंतं देवाच्या डोक्यावरनं गेला म्हून देव कोपला. तू त्यातला जाणता हायेस. मला खरं काय ते सांग. मीच त्याला सकाळी म्हनले व्हते, फुलं कळसाला लागू दे रं बाबा. त्येच्यामुळं गेला का माझा वसंता?”

पाणीही न पिता उठून आलो. अक्का, आज मी तयारीनं आलोय. पण माझ्या पद्धतीनं, हळूहळू सांगतो. चालेल ना?

वसंतराव याच गावचे. याच शाळेत शिकले. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत लष्करानं पलीकडचा माळ सपाट केला, तेव्हा गुरं हाकायची सोडून हे तिथं कुंपणाला नाक लावून उभे असायचे. पुढं विमान शिकले. मुंबईत मोठ्या कंपनीची नोकरी चालून आली होती. गेले नाहीत. आमच्या क्लबात राहिले, एका इंजिनाच्या, कापडी पंखांच्या, दोन माणसांच्या विमानावर. तात्या त्यांना म्हणायचे, “मालगाडीला निदान डबे तरी असत्यात. तुझ्या इमानात एक मानूस मावतो. गावाला काय उपेग?”

वसंतराव एवढंच म्हणाले, “तात्या, बसून तर बघा.”

आणि तात्या बसले. आठवतं ना तात्या? फेटा बांधून आला होतात. वसंतराव म्हणाले, फेटा सुटून शेपटीत अडकला तर दोघं गेलो. फेटा काढायला लावला आणि मांडीखाली दाबायला लावला. बोडक्या डोक्यानं पाटील विमानात, सगळं गाव खिदळतंय. खाली उतरलात. संध्याकाळी पारावर एवढंच म्हणालात, “भावकीच्या भांडनाचा बांध वरनं दिसतच न्हाई.” हसा, हसा. वसंतरावांना आवडलं असतं.

मला माझा पहिला दिवस आठवतो. थंडीची सकाळ होती. तो दिवस मला अजून पुरता खरा वाटत नाही, झोपेत घडल्यासारखा वाटतो. आमच्या विमानात दोघं एकामागं एक बसतात. वारा एवढा, की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून एक रबरी नळी असते. पुढचा माणूस तोंडाशी धरून बोलतो, मागच्याच्या कानात ते उतरतं. म्हणजे मी वसंतरावांना जेवढं ऐकलं, त्यातलं निम्मं त्यांचं तोंड न बघता ऐकलंय. समोर नुसती पाठ. चामड्याची टोपी. आणि कानात त्यांचा आवाज, आपल्याच मनात कुणी बोलावं तसा.

त्या दिवशी इंद्रायणीवर धुकं होतं. नदी दिसत नव्हती, पण नदीची वाट दिसत होती, पांढरी, वळणावळणाची. चाकणच्या अंगाला सूर्य नुकता वर आलेला. निगडीच्या शेतांतून चुलींचा धूर सरळ उभा होता. तळवड्याचे ऊस काळेनिळे दिसत होते. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिलाय, त्याच्या भिंती तेव्हा गुडघ्याएवढ्या होत्या. कुठं काही हलत नव्हतं. फक्त आमची सावली हलत होती. लांब, खाली, शेतांवरून, विहिरींवरून, झोपलेल्या घरांच्या कौलांवरून.

कानात आवाज आला, “सावली बघतोस ना? कशी आहे?”

मी म्हणालो, “बारकी आहे. पुसट.”

“पुसट आहे तोवर बरं. ती काळी झाली, आपल्याएवढी झाली, आपल्या शेजारनं पळायला लागली, की जागा व्हायचं. सावली जवळ आली म्हणजे जमीन जवळ आली.”

मग त्यांनी हात वर करून दाखवला आणि इंजिन अगदी कमी केलं. घरघर थांबल्यासारखी झाली. वाटलं, संपलं. पण विमान पडलं नाही. त्यांनी नाक किंचित खाली केलं, आणि आम्ही तरंगत, घसरत, हळूहळू उतरायला लागलो. पंखांना आडव्यातिडव्या तारा बांधलेल्या असतात. त्या तारांतून वारा गात होता. मंडळी, मी तो आवाज काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, असंच चालत राहावं. जमीन येऊच नये.

आणि नळीतून ते म्हणाले, “शांत झालं म्हणून भ्यायचं नाही. नाक खाली ठेवायचं. बास.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी परत तिथं येणार आहे.

तर लोक मला विचारतात, विमान पडतं कशानं? पानाच्या टपरीवर विचारतात, बसमध्ये विचारतात. सगळ्यांना वाटतं, वर इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली. मी सांगून दमलो. वसंतराव दमले नाहीत. धावपट्टीच्या कडेला आंब्याखाली बसून, चहा पीत, ते नव्या पोरांना गोष्ट सांगावी तसं सांगायचे. म्हणायचे, इंजिन बंद पडतंच, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा ते आपण बंद पाडतो. कुणी पेट्रोल न बघता वर जातो. काल भरलं होतं, आज असेलच. कुणी टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी काढत नाही. स्वतः वसंतराव दर खेपेला टाकीत काठी बुडवून बघायचे, माझ्यावर भरवसा होता तरी. मी एकदा रुसलो. म्हणालो, “मी बघितलंय ना?” ते म्हणाले, “यशवंता, तुझी बायको मीठ घालते, तरी तू चव बघतोसच की.”

मग ते धुक्याचं सांगायचे. धुक्यात शिरलेल्या माणसाला वर-खाली कळत नाही. त्याला वाटतं आपण सरळ आहोत, आणि तो कलंडलेला असतो. अंगाला जे वाटतं ते खोटं असतं, समोरच्या यंत्रांच्या काट्यांना जे वाटतं ते खरं. धुकं दिसलं की मागं फिर, त्यात लाज नाही, असं बजावायचे. पिंपरीकडं विजेच्या तारा ओढायला घेतल्या, तर एक अख्खी सकाळ त्यांनी आम्हाला पायी त्या खांबांखालून फिरवलं. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून खांब पाठ करा म्हणाले. दुपारच्या उन्हाचंही सांगायचे. चैत्र-वैशाखात हवा तापून पातळ होते, पंखाला पुरेसा आधार देत नाही. सकाळी जे विमान फुलासारखं उचलतं, तेच दुपारी आळस करतं.

आणि एक गोष्ट ते नेहमी सगळ्यांत शेवटी सांगायचे. आवाज खाली आणून सांगायचे. म्हणायचे, “खाली आपली माणसं बघत असली, की सांभाळा.”

मी विचारलं, आपली माणसं बघत असली तर काय होतं?

ते म्हणाले, “आपण खाली जातो. त्यांनी आपल्याला ओळखावं असं वाटतं. आपल्याला त्यांची तोंडं बघायची असतात. मग हळू जातो. मग आणखी एकदा वळतो.”

मंडळी, हे त्यांना माहीत होतं. दुसरं कुणी त्यांना शिकवायची गरजच नव्हती. आंब्याखाली बसून हे सांगणारा माणूस तोच होता.

आता जत्रेचं बोलू. बाहेरच्यांना आपली रीत माहीत नसेल. भैरोबाच्या जत्रेत पालखी देवळाला वेढा घालून दारात आली, की कळसावर फुलं उधळायची. फुलं कळसाला लागलीच पाहिजेत. खाली पडली तर वर्ष वाईट जातं, असं आपण मानतो. पूर्वी गुरवबाबा शिखरावर चढायचे. माकडासारखे सरसर चढायचे, मी लहानपणी जत्रेला येऊन बघितलंय. मग त्यांचे गुडघे गेले. त्यांच्या मुलाला उंचीवर चक्कर येते. त्या वर्षी पारावर चर्चा बसली, फुलं आता टाकायची कुणी? आणि कुणीतरी म्हणालं, “आपला वसंता हाय की वर!”

झालं. गाव खूश. भैरोबाला विमानातून फुलं! चाकणपासून माणसं बघायला यायला लागली. वसंतरावांनाही आवडलं. का नाही आवडणार? ज्या गावानं माळावर घिरट्या घालतो म्हणून चेष्टा केली, तेच गाव आता माना वर करून उभं होतं. कापडाच्या पिशवीत झेंडूच्या पाकळ्या आणि गुलाल. पिशवी बसायच्या जागेशेजारी बांधलेली. एक फेरी, मूठभर फुलं, पंख हलवून रामराम, की परत माळावर. पहिली दोन-तीन वर्षं तर वारासुद्धा देवाला सामील होता.

मी एकदा म्हणालो होतो, “वसंतराव, हे जरा खाली होतंय हां.” ते हसले. म्हणाले, “अरे, घरच्या अंगणातनं जातोय मी.”

आणि या चैत्रात.

मला सांगू द्या. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते बघितलंय. तुम्ही देवळापाशी होतात, मी माळावर होतो, धावपट्टीच्या टोकाला. तिथून देवळाचा कळस दिसतो, माणसं दिसत नाहीत. सकाळी त्याच विमानातून मी एक चक्कर मारून आलो होतो. इंजिन ठणठणीत होतं. पालखीला उशीर झाला. सकाळी व्हायचं ते दुपारी झालं. ऊन रणरणत होतं, आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. मी म्हणालो, “आज राहू द्या.” ते म्हणाले, “अक्कानं सांगितलंय.” आणि हसले. मंडळी, ते हसणं ओझं घेतलेल्या माणसाचं नव्हतं. आईनं बाजारातून कोथिंबीर आण म्हटल्यावर पोरगं हसत निघतं, तसं ते निघाले.

पहिली फेरी झाली. वाऱ्यानं फुलं नेली. कळसाला लागली नाहीत, ओढ्याकडं गेली. मग तुम्ही काय केलंत? तुम्ही उपरणी हलवलीत. हात हलवलेत. पोरं ओरडली, बाया ओरडल्या, “न्हाई लागली! न्हाई लागली!” वर काही ऐकू जात नाही हो. पण हात दिसतात. आपल्या गावातला एकेक हात त्यांना ओळखू येत असणार.

ते परत फिरले. दुसऱ्या फेरीला फुलं भिंतीवर पडली, कळसाला नाही. मग ते तिसऱ्यांदा फिरले, आधीपेक्षा खाली, आधीपेक्षा हळू, म्हणजे नेम चुकू नये. मला माळावरून सावली दिसत नव्हती. पण मला माहीत आहे ती कशी असेल. काळी. विमानाएवढी. तुमच्या पोरांच्या पायांजवळून पळणारी.

आता अक्का, ऐका. तुमचं उत्तर.

इंजिन बंद पडलं नव्हतं. शेवटच्या क्षणापर्यंत ते चालू होतं. तुम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकलाय, आठवून बघा. चौकशीला साहेब आले होते, त्यांच्याबरोबर मीही विमान पडलं त्या वावरात फिरलो. पुढच्या लाकडी पंख्याच्या चिरफळ्या उडून लांब गेल्या होत्या. बंद पंखा तसा तुटत नाही. टाकीत पेट्रोल होतं. विमान चांगलं होतं. ज्यांनी क्लबाला शिव्या घातल्या, त्यांच्यावर माझा राग नाही, पण ते खरं नाही.

देव कोपला नाही. देवाच्या डोक्यावरून चिमण्या जातात, घारी जातात, पावसाचे ढग जातात. पोरानं फुलं आणली म्हणून कोपणारा देव आपला भैरोबा नव्हे. असं जो म्हणेल, त्यानं अक्कांच्या तोंडावर येऊन म्हणावं. मी इथंच उभा आहे.

मग काय झालं? हवेनं पंखाला धरून ठेवायचं असतं. वेग असेल तोवर हवा धरते. वेग गेला आणि नाक वर राहिलं, की हवा हात सोडते. वळताना तर आधी एकच पंख सुटतो, आणि विमान त्या अंगाला कोसळतं. उंचावर हे झालं तर भ्यायचं कारण नाही. नाक खाली करायचं, वेग येतो, हवा पुन्हा धरते. आम्ही मुद्दाम उंचावर जाऊन हे करतो, शिकवतो. पण उंचीच नसेल तर? नाक खाली करायला जागाच नसेल तर?

त्यात पाठीमागून वारा. पाठीमागून वारा असला, की खालची जमीन भराभर मागं पळताना दिसते. माणसाला वाटतं, आपला वेग भरपूर आहे. तो नसतो. वेगाच्या काट्याकडं बघितलं तर कळतं. वसंतराव काट्याकडं बघत नव्हते. तुम्हीच मला सांगितलंत, एक हात फुलांच्या पिशवीत होता, मान बाहेर काढलेली होती, आणि ते कळसाकडं बघत होते. की तुमच्याकडं बघत होते, ते मला सांगता येणार नाही.

एवढंच झालं. जगात असल्या छोट्या विमानांतली किती माणसं अशीच गेली असतील. कुणी आपल्या घरावरून फेरी मारताना, कुणी मित्राच्या लग्नाच्या मांडवावरून. चांगली माणसं. शिकलेली माणसं. खाली आपलं कुणी होतं म्हणून.

अक्का, तुम्ही विचारलंत, तुमच्या शब्दामुळं गेला का? नाही. फुलं लागू दे, हे आई म्हणतेच. तुम्ही खाली ये म्हणाला नव्हतात. तिसऱ्यांदा वळ म्हणाला नव्हतात. ते त्यांनी ठरवलं. चूक त्यांची होती. हे मी म्हणणार, कारण तेच मला तसं शिकवून गेलेत. मला त्यांचा राग येतो, अक्का. रोज येतो. सकाळी धावपट्टीवर गेलो की आंब्याखाली बघतो, आणि मनात भांडतो. म्हणतो, तुम्हाला माहीत होतं ना हो! मग का वळलात? आणि मग राग उतरतो, आणि नुसती त्यांची आठवण राहते. चूक झाली म्हटल्यानं ते लहान होत नाहीत. देवाचा कोप म्हटलं, तर मात्र पुढच्या पोराला आपण काहीच शिकवलं नाही असं होईल.

परवा पहाटे मला स्वप्न पडलं. मी मागं बसलोय. पुढं त्यांची पाठ, टोपी. खाली आपलं गाव, पण आवाज कसलाच नाही. इंजिनाचा नाही, वाऱ्याचा नाही. देवळापाशी सगळी माणसं उभी, माना वर करून. मी म्हणतोय, वसंतराव, फुलं टाका ना. ते टाकत नाहीत. नळीतून म्हणतात, “बघ तरी.” मी खाली वाकून बघितलं. तर फुलं खालून वर येत होती. पिवळी, सावकाश, एकेक. आमच्यापर्यंत पोचत नव्हती. थोडी वर येत होती आणि परत खाली जात होती. कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. जाग आली तेव्हा उशी ओली होती. पण रडू आलेलं मला आठवत नाही.

तात्या, आता तुमचं उत्तर.

पुढच्या चैत्रात मी फुलं टाकणार नाही.

थांबा, कुजबुज नको. पुरतं ऐका. मी भित्रा म्हणून नाही म्हणत. मी उद्या सकाळीही क्लबाचं दुसरं विमान वर नेणार आहे, वसंतरावांच्या दोन शिष्यांना बसवून, आधी एकाला, मग दुसऱ्याला. क्लब बंद होणार नाही. पण मी फुलं टाकली, तर पुढच्या वर्षी वारा असेल. माझाही नेम चुकेल. तुम्ही हात हलवाल. आणि तात्या, मी त्यांचाच शिष्य आहे. मीही वळेन. मग त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या आठवणीसाठी तिसरा कुणी फुलं टाकेल. असं आपण किती जणांना टाकायला लावणार आहोत?

तुम्ही प्रेमानं हात हलवलेत, मला माहीत आहे. म्हणून तर सांगणं अवघड जातंय. तुम्ही वैरी असतात, तर एका वाक्यात सांगून खाली बसलो असतो.

म्हणाल, मग कळसाला फुलं कोण…

थांबा. अक्का काहीतरी म्हणताहेत. जरा शांत राहा. काय म्हणालात, अक्का? बसूनच बोला.

…

मागं ऐकू गेलं नसेल. अक्कांचा आवाज बारीक आहे. मी सांगतो. त्या म्हणाल्या त्याच शब्दांत सांगतो. अक्का म्हणताहेत, “पुढल्या साली फुलं मी टाकीन. खालनं. जमिनीवर हुबी ऱ्हाऊन. लागली तर लागली. न्हाई लागली तर देवाच्या पायाशी पडत्याल, तिथनं काय देव लांब हाय का?”

…

मला स्वप्नात दिसलं होतं ते हे होतं, अक्का.

तात्या, तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही सांगा. … तात्यांनी मान हलवली. फेटा काढून मांडीवर घेतलाय. मला कळलं, तात्या. गुरवबाबा, तुम्ही? … तेही हो म्हणताहेत. झालं तर मग. या गावात आता कळसाला फुलं खालून जातील, आणि सगळेच टाकतील, आणि कुणीही ती लागली का म्हणून बघायचं नाही.

आणि मी? मी येईन. पालखी दारात आली की मी वरून जाईन. एकदाच. सरळ. इतक्या उंचावरून, की जमिनीवर माझी सावली शोधून सापडणार नाही. तुम्हाला एक ठिपका दिसेल, किंवा तोही दिसणार नाही, नुसता आवाज येईल. फक्त एक मागणं आहे. हात हलवू नका. ज्याला वसंतरावांची आठवण येईल, त्यानं हात जोडावेत, छातीशी. तेवढे वरून दिसत नाहीत. म्हणून तेच बरे.

वसंतराव, तुम्ही मला वर नेलंत. माझा रामराम घ्या. तुमची चूक मी पोरांना शिकवीन, तुमचं नाव घेऊन शिकवीन. रागावू नका. आणि तुमच्या गावावरून ती सकाळ, ते धुकं, तो तारांचा आवाज, हेही शिकवीन. त्याशिवाय ते वर जाणारच नाहीत.

मंडळी, आता आपण उभं राहू. अक्का, तुम्ही बसूनच राहा. थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. लहान पोरांना जवळ घ्या. माळाकडून आज आवाज येणार नाही, विमान आत ठेवलंय. शांत होईल सगळं.

शांत झालं म्हणून भ्यायचं नाही. मान खाली ठेवायची. बास.